गाडीच्या रंगावरील बारीक ओरखडे घरच्या घरी कसे काढावेत

काळ्या, गडद निळ्या किंवा मरून रंगाच्या गाडीच्या बॉनेटवर भरउन्हात सूर्याचे प्रतिबिंब पाहिले, तर त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसतात. प्रत्यक्षात या रेषा गोल नसतात. सगळ्या पृष्ठभागावर वाटेल त्या दिशांना गेलेले असंख्य सूक्ष्म ओरखडे असतात आणि त्यांपैकी जे प्रकाशाच्या बिंदूला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून डोळ्यांना वर्तुळांचा भास होतो. तुम्ही जागा बदलली की ते जाळेही तुमच्याबरोबर सरकते. सावलीत किंवा ट्यूबलाइटच्या पसरट प्रकाशात हीच गाडी निर्दोष दिसते आणि म्हणूनच अनेकांना हे ओरखडे वर्षानुवर्षे लक्षातच येत नाहीत.

हे ओरखडे घरी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, माफक साहित्याने काढता येतात. पण काम सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी : ओरखडा भरून येत नाही. त्याच्या आजूबाजूचा थर घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो आणि पृष्ठभाग पुन्हा सपाट होतो. म्हणजे प्रत्येक वेळी पॉलिश करताना गाडीवरचा थोडासा थर कायमचा जातो. पुढच्या सगळ्या सूचना या एका वस्तुस्थितीतून आलेल्या आहेत.

रंगाचे थर आणि त्यांची जाडी

आजच्या गाड्यांच्या पत्र्यावर गंजरोधक अस्तर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. कारखान्यात लागलेल्या या सगळ्या थरांची एकत्रित जाडी साधारणपणे १०० ते १४० मायक्रॉन भरते. झेरॉक्सचा नेहमीचा कागद सुमारे १०० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. त्यांतला क्लिअर कोट सामान्यतः ३५ ते ५० मायक्रॉनांचा असतो. गाडीची चमक तोच देतो, आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारी द्रव्येही त्यातच असतात. तो फार पातळ झाला तर काही वर्षांत टपावर आणि बॉनेटवर त्याचे पापुद्रे सुटू लागतात, आणि मग पुन्हा रंग मारण्यावाचून दुसरा उपाय उरत नाही.

बारीक पॉलिश आणि मऊ पॅड (घासण्याची फोमची गादी) यांच्या एका फेरीत सहसा एका मायक्रॉनहून कमी थर जातो. तीव्र कंपाउंड (पॉलिशपेक्षा जाड घर्षक कणांची पेस्ट) आणि कठीण पॅड यांनी त्याच्या काही पट जातो. यावरून दोन गोष्टी ठरतात. पहिली अशी की काळजीपूर्वक, काही वर्षांतून एकदा केलेल्या पॉलिशने गाडीचे नुकसान होत नाही. दुसरी अशी की दर सर्व्हिसिंगला ‘रबिंग-पॉलिश’ करून घेण्याची जी सवय अनेकांना असते ती सोडून द्यावी, कारण तिच्यामुळे दरवेळी क्लिअर कोट झिजतो आणि हाती येणारी चकाकी मात्र काही आठवड्यांचीच असते.

आधी ओरखडा ओळखावा

सगळे ओरखडे पॉलिशने जात नाहीत. गाडी धुऊन कोरडी केल्यावर ओरखड्यावरून बोटाचे नख आडवे, हलक्या हाताने फिरवावे. नख कुठेही अडकत नसेल तर ओरखडा क्लिअर कोटच्या वरच्या भागातच आहे आणि तो बहुधा पूर्ण जाईल. नख किंचित जाणवत असेल तर तो फिका होईल, पण पूर्ण जाईलच असे नाही. नख स्पष्ट अडकत असेल तर पॉलिशचा नाद सोडावा.

दुसरी चाचणी पाण्याची आहे. ओरखड्यावर थोडे पाणी टाकावे. ओला असताना तो दिसेनासा होत असेल आणि सुकल्यावर परत दिसत असेल तर तो वरवरचा आहे. ओला असतानाही राखाडी, पांढरट किंवा धातूची रेष दिसत असेल तर रंग कापला जाऊन आतले अस्तर किंवा पत्रा उघडा पडला आहे. अशा ठिकाणी टच-अप रंग लावावा. रंगाचा क्रमांक बहुतेक गाड्यांवर दरवाज्याच्या खांबावरील किंवा बॉनेटखालील पट्टीवर दिलेला असतो. उघडा पत्रा पावसाळ्यापूर्वी झाकणे आवश्यक आहे. कोकणपट्टीच्या आणि मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत त्यावर गंज धरायला फार वेळ लागत नाही.

कधीकधी जो ओरखडा वाटतो तो ओरखडा नसतोच. अरुंद पार्किंगमध्ये दुचाकीचे हँडल किंवा भिंतीचा कोपरा घासला असेल तर समोरच्या वस्तूचा रंग आपल्या गाडीवर चिकटलेला असतो. असा डाग पॉलिशच्या थोड्याशा घासण्याने निघून जातो आणि त्याखाली अपेक्षेपेक्षा बरीच चांगली अवस्था सापडते.

काही पृष्ठभागांना हात लावू नये. मॅट रंगाच्या गाडीला कधीही पॉलिश करू नये, कारण घासलेला भाग चकचकीत होतो आणि तो परत मॅट करता येत नाही. पूर्वी अपघातानंतर लांबी भरून पुन्हा रंगवलेल्या भागावर क्लिअर कोट किती आहे याचा भरवसा नसतो, तेव्हा तिथे फक्त सौम्य पॉलिश वापरावे. जुन्या प्रीमिअर पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसेडरसारख्या गाड्यांवर मूळचा रंग एकाच थराचा असे. त्यावर क्लिअर कोट नसल्याने पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागतो, आणि तिथे ते स्वाभाविक असते. आजच्या गाडीवर मात्र पॅडला गाडीचा रंग लागू लागला, तर क्लिअर कोट संपला आहे असे समजून त्याच क्षणी थांबावे.

साहित्य

एकाददुसऱ्या ओरखड्यासाठी मशिनची गरज नाही. गाडीचा शाम्पू, दोन बादल्या, धुण्याचा मायक्रोफायबरचा हातमोजा, जाड आणि मऊ अशी सहा-आठ मायक्रोफायबरची फडकी, क्ले बार (रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी), मास्किंग टेप, फोमचे दोन-तीन अ‍ॅप्लिकेटर, एक मध्यम कंपाउंड, एक बारीक पॉलिश आणि शेवटी संरक्षक थर म्हणून लावायला वॅक्स किंवा सीलंट, एवढ्यावर काम होते. थ्री-एम, मेग्वायर्स यांसारख्या कंपन्यांची कंपाउंड व पॉलिश आपल्याकडे सहज मिळतात. कोणतेही उत्पादन घेताना डबीवर ते क्लिअर कोटसाठी सुरक्षित असल्याचे लिहिले आहे ना, एवढे पाहावे. गॅरेजमध्ये किलोच्या डब्यात येणारे जाड रबिंग कंपाउंड नव्या रंगकामावरचे वॉटर पेपरचे (पाण्यासह वापरायच्या घासकागदाचे) घाव काढण्यासाठी असते; नवख्याने ते घरी आणू नये.

संपूर्ण गाडीवर जाळे असेल तर हाताने ते काढणे जवळजवळ अशक्य आहे. तिथे ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर लागतो. या मशिनचे पॅड स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी केंद्रापासून सरकलेल्या छोट्या वर्तुळात हलतेही, त्यामुळे एकाच जागी उष्णता साठत नाही आणि जास्त दाब पडला की पॅडचे फिरणे आपोआप थांबते. गॅरेजमध्ये दिसणारा रोटरी पॉलिशर एकाच आसावर फिरतो. तो काम लवकर करतो, पण अननुभवी हातात काही सेकंदांत कडेचा रंग उडवू शकतो आणि उन्हात दिसणारे धुरकट फराटे मागे ठेवतो. ड्रिल मशिनला पॅड लावून पॉलिश करण्याचा सल्ला अनेकजण देतात. ड्रिलही एकाच आसावर फिरते, त्याला धरायला नीट मूठ नसते आणि पॅड तिरके झाले की कड रुतते, म्हणून तो मार्ग टाळावा.

टूथपेस्ट, राख, भांडी घासायची पावडर, रॉकेल आणि खोबरेल तेल यांचे घरगुती उपाय सतत सांगितले जातात. टूथपेस्टमधले घर्षक कण दातांसाठी ठरवलेले असतात. गाडीच्या रंगावर ते कुठे कमी तर कुठे नको तितके घासतात. पावडर सरळ नवे ओरखडे पाडते. तेल ओरखड्यात शिरून त्याला लपवते आणि दोन धुण्यांत निघून जाते. यांतल्या कशाचाही उपयोग करू नये.

धुणे आणि क्ले

धूळ असलेल्या पृष्ठभागावर पॉलिश करणे म्हणजे त्या धुळीनेच गाडी घासणे होय, म्हणून या टप्प्यावर घाई करू नये. आधी पाण्याच्या धारेने सैल माती वाहून जाऊ द्यावी. मग एका बादलीत शाम्पूचे पाणी आणि दुसऱ्या बादलीत साधे पाणी घेऊन टपापासून खाली येत धुवावे, आणि प्रत्येक भागानंतर हातमोजा साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवावा. दारांचा खालचा भाग आणि चाकांच्या कमानी सर्वांत शेवटी घ्याव्यात, कारण सर्वांत खरखरीत माती तिथेच असते. चाकांसाठी फडके वेगळेच ठेवावे. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने धुतले असेल तर गाडी आपोआप सुकू न देता लगेच टिपून घ्यावी. क्षारांचे पांढरे ठिपके एकदा उन्हात भाजले गेले की ते काढण्यासाठीही पुन्हा घासावे लागते.

धुतलेल्या बॉनेटवर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून बोटे फिरवावीत. खरखर जाणवली तर झाडाचा चीक, डांबर, ब्रेकची लोखंडी भुकटी अशा गोष्टी रंगात रुतून बसल्या आहेत. त्या काढण्यासाठी क्ले बारचा लहान तुकडा चपटा करावा, पृष्ठभागावर शाम्पूचे पातळ पाणी किंवा क्लेचे वंगण भरपूर फवारावे आणि दाब न देता सरळ रेषेत पुढेमागे सरकवावा. क्ले मळला की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणावी. जमिनीवर पडलेला तुकडा कितीही महागाचा असला तरी फेकून द्यावा, कारण त्यात रुतलेले वाळूचे कण धुऊन निघत नाहीत. क्लेमुळेही अगदी पुसट ओरखडे उमटू शकतात, म्हणून पॉलिश करायचे असेल तेव्हाच क्ले वापरावा.

जागा, वेळ आणि टेप

काम सावलीत आणि पत्रा थंड असताना करावे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बॉनेटवर तळहात टेकवता येत नाही. अशा पत्र्यावर कंपाउंड लगेच वाळते, त्याची पूड होते आणि ती पुसताना पुन्हा रेघा पडतात. दिवाळीनंतरची सकाळ यासाठी उत्तम. इंजिन नुकतेच बंद केले असेल तर बॉनेट निवेपर्यंत थांबावे.

दरवाज्यांच्या कडा, बॉनेटच्या उठावदार रेषा, हेडलाइटभोवतीच्या कडा, काळे प्लॅस्टिक आणि रबराच्या पट्ट्या यांवर मास्किंग टेप लावावी. कडांवर आणि उठावांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो आणि पॅडचा सगळा दाब त्या अरुंद रेषेवर येतो, म्हणून रंग उडण्याच्या बहुतेक घटना तिथेच घडतात. काळ्या खडबडीत प्लॅस्टिकमध्ये शिरलेले कंपाउंड वाळून पांढरे पडते आणि ते काढणे फार कष्टाचे असते.

मशिन वापरणार असाल तर तीन पिनांचा, अर्थिंग असलेला प्लग घ्यावा, वायर खांद्यावरून मागे सोडावी म्हणजे ती पॅडखाली येणार नाही आणि रंगावरही घासणार नाही, आणि धुण्याचे पाणी पूर्ण सुकल्यावरच एक्स्टेन्शन बोर्ड बाहेर काढावा. कमरेच्या पट्ट्याचे बक्कल, घड्याळ आणि अंगठ्या काढून ठेवाव्यात.

चाचणीचा चौकोन

एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांवरही क्लिअर कोट कमीअधिक कठीण असू शकतो, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीवर चाललेली जोडी आपल्या गाडीवर चालेलच असे नाही. म्हणून बॉनेटवर किंवा मागच्या झाकणावर साधारण दीड फुटाचा चौकोन टेपने आखून घ्यावा आणि सर्वांत सौम्य उपायापासून, म्हणजे मऊ पॅड आणि बारीक पॉलिश यांपासून सुरुवात करावी. पुढे सांगितलेल्या पद्धतीने एकदा पूर्ण घासून, पुसून, टॉर्चच्या उजेडात पाहावे. ऐंशी टक्के जाळे गेले असेल तर हीच जोडी पूर्ण गाडीला वापरावी. फरक दिसत नसेल तर आधी पॅड बदलून मध्यम घ्यावे, तरीही नसेल तर मध्यम कंपाउंड घ्यावे. पॅडच्या रंगांवर विसंबू नये. एका कंपनीचे पिवळे पॅड कठीण असते तर दुसरीचे मऊ, तेव्हा वेष्टनावरचे वर्णन वाचूनच पॅड घ्यावे.

या चौकोनावर तासभर गेला तरी तो वाया जात नाही. इथे ठरलेला उपाय उरलेल्या गाडीवर नुसता पुन्हापुन्हा करायचा असतो.

हाताने घासताना

फोमच्या अ‍ॅप्लिकेटरवर वाटाण्याएवढे कंपाउंड घ्यावे आणि ओरखड्याभोवतीच्या वीतभर भागावर काम करावे. बोटांच्या टोकांनी दाब दिला तर तो टोकांखालीच पडतो आणि पृष्ठभाग असमान घासला जातो, म्हणून तळवा सपाट ठेवावा. आधी उभ्या आणि मग आडव्या सरळ रेषांत, एकमेकींवर अर्ध्या चढणाऱ्या हालचाली कराव्यात. मध्यम दाबाने दीड-दोन मिनिटे घासल्यावर कंपाउंडचा पातळ पारदर्शक थर उरतो. तेव्हा दाब कमी करून आणखी काही हात फिरवावेत आणि स्वच्छ फडक्याने पुसावे. दोन-तीन वेळा करूनही ओरखडा दिसत असेल तर तिथेच थांबावे. कंपाउंडने केलेल्या भागावर किंचित धूसरपणा राहतो, तो नव्या अ‍ॅप्लिकेटरवर बारीक पॉलिश घेऊन काढावा. कंपाउंडचा अ‍ॅप्लिकेटर पॉलिशसाठी वापरला तर त्यात राहिलेले जाड कण पुन्हा रेघा मारतात.

दरवाज्याच्या हँडलमागच्या वाटीत नखांचे ओरखडे जवळजवळ प्रत्येक गाडीवर असतात. ती जागा मशिनला पोचत नाही आणि हाताने घासण्याचा सराव करायला ती फार चांगली आहे.

मशिनने घासताना

नव्या पॅडवर पॉलिशचा पातळ थर बोटाने सगळीकडे पसरावा, म्हणजे कोरडा फोम रंगावर घासणार नाही. त्यानंतर वाटाण्याएवढे चार ठिपके पुरतात. जास्त घेतल्याने पॅड तुंबते आणि काम मंदावते. पॅड पृष्ठभागावर टेकवल्याशिवाय मशिन सुरू करू नये आणि बंद होऊन थांबल्याशिवाय उचलू नये, नाहीतर पॉलिशचे शिंतोडे भिंतीपर्यंत उडतात.

दीड-दोन फुटांचा चौकोन घ्यावा. सर्वांत कमी वेगावर पॉलिश पसरून घ्यावे, मग सहा आकडे असलेल्या मशिनवर वेग चार ते पाचवर न्यावा. यानंतर हात सावकाश चालवणे ही एकच गोष्ट खरोखर जमवावी लागते. मशिन सेकंदाला साधारण एक इंचाच्या गतीने सरकावे; नवखे लोक याच्या तिप्पट-चौपट वेगाने फिरवतात आणि मग मशिन काम करत नाही असे त्यांना वाटते. आधी आडव्या ओळी, प्रत्येक ओळ मागच्या ओळीवर अर्धी चढलेली, मग त्याच चौकोनावर उभ्या ओळी, अशी एक फेरी धरून चार ते सहा फेऱ्या कराव्यात. मशिनच्या वजनाखेरीज थोडासाच दाब पुरेसा असतो. पॅडच्या मागच्या बाजूला मार्करने एक रेघ मारून ठेवावी. काम करताना ती फिरताना दिसली पाहिजे. ती थांबली तर पॅड फक्त थरथरते आहे, म्हणजे दाब जास्त झाला किंवा पॅड तिरके झाले. शेवटच्या दोन फेऱ्यांत दाब काढून घ्यावा.

मधूनमधून हाताची उलटी बाजू पत्र्याला लावून पाहावी. कोमट लागणे ठीक आहे, चटका बसणे ठीक नाही. बंपरच्या बाबतीत हे अधिक कटाक्षाने पाहावे, कारण बंपर प्लॅस्टिकचा असतो, त्यातून उष्णता पसरत नाही आणि रंग लवकर मऊ पडतो. रंगाची जाडी मोजण्याचे नेहमीचे यंत्रही धातूच्याच पत्र्यावर चालते, बंपरवर नाही; म्हणून तिथे वेग एक अंक कमी ठेवून मऊ पॅडच वापरावे.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड मऊ ब्रशने झाडावे, कारण त्यात वापरलेले पॉलिश आणि निघालेला क्लिअर कोट साठत जातो. एका पॅडवर साधारण दोन भाग झाले की ते बदलून ओले पॅड बाजूला ठेवावे. पूर्ण गाडीसाठी चार-पाच पॅड हाताशी असावेत. पहिल्यांदा करणाऱ्याने एका दिवसात संपूर्ण गाडी संपवण्याचा आग्रह धरू नये. एक दिवस बॉनेट, दुसऱ्या सुट्टीला एक बाजू, असे केल्याने कामाचा दर्जा टिकतो. थकलेला हात नेमका कडेवरच जास्त दाबतो.

खरी तपासणी

अनेक पॉलिशमध्ये तेल असते आणि ते ओरखड्यांत शिरून त्यांना तात्पुरते लपवते. बाजारात रबिंग-पॉलिश करून आणलेली गाडी पहिल्या आठवड्यात आरशासारखी दिसते आणि दोन-तीन धुण्यांनंतर जाळे परत येते, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. म्हणून एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चार ते पाच भाग बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी असे मिश्रण फवाऱ्याच्या बाटलीत भरावे, घासलेल्या भागावर हलके मारावे आणि स्वच्छ फडक्याने पुसावे. तेल निघून गेले की राहिलेले खरे ओरखडे दिसतात. हे अल्कोहोल लवकर पेट घेते, तेव्हा जवळ आगपेटी, उदबत्ती किंवा सिगारेट नसावी.

तपासणीसाठी मोबाइलचा टॉर्च चालतो, पण एकाच बिंदूतून पडणारा पांढरा एलईडी टॉर्च जास्त चांगला. तो वेगवेगळ्या कोनांतून धरावा आणि दुसऱ्या दिवशी उन्हात पुन्हा पाहावे. मग काही एकटेदुकटे खोल ओरखडे राहिलेले दिसतील. ते तसेच ठेवावेत. त्यांच्यासाठी वॉटर पेपर घेण्याचा मोह होतो, परंतु २००० नंबरच्या कागदाचे कणसुद्धा सुमारे १० मायक्रॉनांचे असतात, ते नेमका किती थर काढत आहेत हे यंत्राशिवाय कळत नाही, आणि कागदाचे घाव काढायला पुन्हा कंपाउंड लागते. रोजच्या वापरातल्या गाडीवर दोन हातांच्या अंतरावरून न दिसणाऱ्या ओरखड्यासाठी क्लिअर कोट खर्चू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. ही गाडी अजून दहा वर्षे उन्हात उभी राहायची आहे.

संरक्षक थर

पॉलिशनंतर पृष्ठभाग उघडा असतो, म्हणून त्याच दिवशी वॅक्स किंवा सीलंट लावावे. कार्नोबा वॅक्स काही आठवडे टिकते, कृत्रिम सीलंट काही महिने टिकते. दोन्ही अगदी पातळ लावावीत आणि डबीवरील वेळेनुसार पुसावीत. सिरॅमिक कोटिंग अधिक काळ टिकते आणि धूळ कमी चिकटू देते, पण धुळीने भरलेले फडके फिरवले तर त्यावरही ओरखडे पडतात. नुकत्याच रंगवून आणलेल्या भागावर मात्र साधारण महिनाभर वॅक्स लावू नये, कारण रंगातले द्रावक पूर्ण उडून जायला तेवढा अवधी लागतो. रंगकाम करणाऱ्याने वेगळी मुदत सांगितली असेल तर ती पाळावी.

ओरखडे येतात कुठून

हे समजले नाही तर वरची सगळी मेहनत एका महिन्यात वाया जाते. गाडी चालल्याने असे जाळे पडत नाही. ते गाडी पुसल्याने पडते. आपल्या रस्त्यांवरच्या आणि बांधकामांवरच्या धुळीत दगडखाणीतल्या काळ्या पाषाणाची पूड आणि वाळू असते. पाषाणातले फेल्डस्पार आणि वाळूतले क्वार्ट्झ ही खनिजे खिडकीच्या काचेपेक्षाही कठीण असतात. क्लिअर कोट तर त्यांच्यापुढे अगदीच मऊ. अशी धूळ कोरड्या झटकण्याने किंवा फडक्याने एकदा पुसली तरी जाळे पडायला सुरुवात होते.

शहरांतल्या सोसायट्यांमध्ये गाडी पुसणारे दादा पहाटे येऊन एका बादलीत आणि एका फडक्यात दहा-पंधरा गाड्या करतात. त्यांना तेवढ्याच वेळात, तेवढ्याच पाण्यात काम उरकायचे असते. दोष पद्धतीचा आहे. त्यांना रोज पुसू नका असे आदराने सांगावे आणि त्याच पैशांत आठवड्यातून एकदा, आपली बादली, आपला शाम्पू आणि आपले फडके देऊन धुऊन घ्यावे. रोज काचा पुसल्या तरी पुरे. हे बोलायला संकोच वाटतो, पण गाडीचा रंग राखण्यासाठी याहून परिणामकारक दुसरे काही नाही.

धुळीच्या गाडीवर कव्हर घातले की वाऱ्याने ते हलते आणि रात्रभर धूळ घासत राहते, म्हणून कव्हर धुतलेल्या गाडीवरच घालावे, नाहीतर घालू नये. नवी गाडी घेताना शोरूमला आधीच सांगावे की गाडी देण्यापूर्वी पॉलिश करू नका. घाईने पुसलेल्या नव्या गाडीवरही जाळे असते. दसऱ्याला गाडीची पूजा करताना झेंडूच्या हाराची तार बॉनेटला टेकणार नाही अशी बांधावी आणि हळदीकुंकू व अक्षता दुसऱ्या दिवशी कोरड्या पुसण्याऐवजी भरपूर पाण्याने वाहून जाऊ द्याव्यात. होळीच्या कोरड्या रंगांनाही हाच नियम.

वापरलेली मायक्रोफायबरची फडकी इतर कपड्यांत मिसळू नयेत, कारण सुती कपड्यांचा कचरा त्यांच्या धाग्यांत अडकतो. ती कोमट पाण्यात सौम्य द्रव साबणाने धुवावीत, कपडे मऊ करणारे कंडिशनर टाकू नये आणि सावलीत वाळवून झाकणाच्या डब्यात ठेवावीत. रंगाची, काचेची आणि चाकांची फडकी वेगवेगळ्या रंगांची घेतली म्हणजे चाकाचे फडके चुकून बॉनेटवर जात नाही.